दोन कोटांतला नायक

—तिथे नको, त्या स्टुलावर चढ. चपला खाली काढ. डुगडुगतं ते, पण पडत नाही. आजवरच्या सगळ्या नायिका त्याच्यावर उभ्या राहून गेल्यात, काही तर तुझ्या दुप्पट होत्या. हं, अशी. तोंड आरशाकडे. हात अंगापासून थोडे लांब धर — थोडे म्हटलं, कावळे हाकलायचे नाहीयेत. आणि घाबरू नकोस, मी खात नाही कुणाला. समोरच्यांकडे माझ्याबद्दल काय काय सांगतात ते माहीत आहे मला. समोरच्यांकडे म्हणजे तुमच्याकडे. सवय गं. आमच्या घरात तुमच्या दुकानाला नावच नाही, नुसतं ‘समोरचे’. तुम्ही काय म्हणता आम्हाला? — बघ, तेच. एवढीशी गल्ली आणि दोन्ही अंगांना समोरचेच राहतात. आपल्या बाजूला राहणारं माणूस या गल्लीत सापडायचं नाही.

काय म्हणालीस? आत्या? मला आत्या कशी म्हणतेस तू? माझ्या भावाच्या पोराने म्हणायचं ते. बरं, म्हण. मावशी म्हणू नकोस म्हणजे झालं, मावशी म्हटलं की लोकांना लगेच काहीतरी फुकट हवं असतं. आता मी तोंडात टाचण्या धरणार. लोकांना वाटतं, तोंडात टाचण्या असल्या की शिवणारी बाई गप्प बसते. मी नाही बसत. तू मात्र हलू नकोस आणि बोलूही नकोस, बोललं की बरगड्या हलतात आणि माप चुकतं. माप तर तसंही चुकलेलंच आहे म्हणा. हा झगा तुझ्या मापाचा नाहीच. गेल्या वर्षी जी पोरगी होती ना, ती आडव्या हाडाची, दारातून येताना आधी खांदे यायचे आणि मग ती — तिच्या मापाने कापलाय. माझ्या डोळ्यांदेखत दादाने सांगितलं आमच्या दोऱ्याला, गेल्या वर्षीच्याच मापाने काप, अंगावर घालून मग बसवून घेऊ. दोरा म्हणजे माझा भाचा, दादाचाच पोरगा. एवढा बारीक आहे की दादानेच ते नाव पाडलं, सुईच्या भोकातून जाईल म्हणून. कापतो मात्र चांगलं. त्याच्याएवढं चांगलं या गल्लीत — असो, तुमच्याकडेही असेल कुणीतरी.

तुझं माप का नाही घेतलं? अगं, घ्यायचं कुणी आणि कुठे? नाटकाच्या मास्तरांनी तुझी निवड केली आणि दोन्ही घरांत सुतक पडलं. आजवर कसं सोपं होतं — नाटकातलं लाल घर आमचं, निळं घर तुमचं. लाल घरातली माणसं आमच्याकडे यायची कपडे शिवायला, निळ्यातली तुमच्याकडे. आणि यंदा हे नवीन मास्तर आले, त्यांना गल्लीतलं काही ठाऊक नाही, त्यांनी सरळ निळ्या शिंप्याची नात उचलली आणि लाल घरची मुलगी केली. तुझ्या आजोबांनी निरोप धाडला, पोरगी तुमचा जिना चढणार नाही, मापं आम्ही आमच्या टेपने घेऊन कळवतो. दादा म्हणाला, त्यांच्या टेपवर माझी कात्री चालायची नाही. मग त्यांनी म्हणे विचारलं, आमच्या टेपला काय झालं? दादा म्हणाला, टेपला काही नाही, धरणाऱ्यांना झालंय. असं ते चाललं होतं, आणि इकडे नाटक दारात येऊन उभं. शेवटी मास्तर हात जोडून दोन्हीकडे फिरले तेव्हा कुठे आज तू इथे. या जिन्यावर तुमच्या घरातलं पाऊल — मला आठवतं तेव्हापासून तरी पहिलंच. म्हणजे, दिवसाउजेडी पहिलंच.

कमरेपासून सुरू करू. इथे ढिला असणार चांगला चार बोटं — हं. नाही. बसलाय. असू दे, कमर काय, कधीकधी दोन बायकांची सारखी निघते.

तुला नाटक आवडतं? खरं सांग. तुझं काम मोठं आहे, तू म्हणणारच आवडतं. मला विचारशील तर एवढी मूर्ख माणसं एका जागी दुसरीकडे कुठे बघायला मिळायची नाहीत. लहानपणापासून बघतेय, पहिल्या रांगेच्या बाजूला उभं राहून, हातात सुईदोरा घेऊन, कुणाचं काय उसवलं तर. एक लाल घर, एक निळं घर. दोघांचं हाडवैर. कशावरून? ते कुणी सांगतच नाही. अख्ख्या नाटकात कुणाला सुचत नाही विचारायचं की बाबांनो, कशावरून भांडताय. ते पांढऱ्या दाढीचे म्हातारे येतात ना सारखे सारखे, घोळक्याने, हातात काठ्या घेऊन, एका सुरात बोलणारे — ‘जुने वैर, खोल वैर’ — तेवढंच. नगरातले शहाणे म्हणे ते. सगळं आधीच कळतं त्यांना. आता रक्त सांडणार, आता धुकं उतरणार, आता आई रडणार. अरे मग जा की सांगायला. दोन पावलांवर तर उभा आहे तो निळ्या घरचा बाप भाला घेऊन. पण नाही. एका बाजूला उभे राहतील आणि आपल्याला सांगतील. असले शहाणे म्हातारे आपल्याही गल्लीत आहेत, कोपऱ्यावरच्या बाकावर बसतात. त्यांनाही सगळं आधीच कळतं.

आणि ती मुलगी. म्हणजे तू. राग मानू नकोस. निळ्या घरच्या मुलावर जीव जडलाय, त्याला भेटायला बोलवायचं आहे, लाल घराच्या वेशीवर पहारा. मग काय करते? आपल्या भावाचा लाल कोट त्याला देते, म्हणजे पहारेकऱ्यांना वाटेल आपलाच माणूस. इथपर्यंत ठीक आहे, मी पण हेच केलं असतं. पण त्या रात्री निळ्या घरचा म्हातारा, त्या मुलाचा सख्खा बाप, धुक्यात दबा धरून बसलाय लाल घरचा कुणीतरी टिपायला. लाल कोट दिसला, घातला भाला. आपल्याच पोराला. आणि जवळ जाऊन तोंड बघतो तेव्हा कळतं. आता तू मला सांग. तू शिंप्याच्या घरातली, तूच सांग. बापाला पोराची चाल कळत नाही? खांदे कसे टाकतो, मान कुठल्या बाजूला कलते — धुकं असलं म्हणून काय झालं? मला विचार. या खिडकीतून मी संध्याकाळी बघत बसते, दिवे लागायच्या आधी, तोंडं दिसत नाहीत कुणाची, तरी प्रत्येक माणूस ओळखते. पाठमोरा असला तरी. कपड्याला बघायचंच नसतं, कपड्याच्या आत काय चाललंय ते बघायचं. आता तुझा काका. तो घोंगडी पांघरून चालला तरी मी सांगेन. उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब आहे त्याचा, म्हणून सगळ्या कोटांची उजवी बाही मनगटावर आखूड पडते आणि तो ती सारखी खाली ओढतो. तुझ्या आजोबांच्या ते कधी लक्षात आलं नाही, दोन्ही बाह्या सारख्याच कापतात. स्वतःचा मुलगा, आणि एवढ्या वर्षांत — काय? मला कसं माहीत? खिडकीतून दिसतं की. सांगितलं ना. हलू नकोस.

मुंढा बघू. हात वर कर. हा मुंढा खाली यायला हवा, ती पोरगी दंडाने भक्कम होती. … हं. कर खाली. पुन्हा वर. खाली. चोळत नाही ना कुठे? नाही. बरं.

काय सांगत होते — हां, भांडण कशावरून. त्यांचं माहीत नाही, आपलं माहीत आहे मला. तुला घरी काय सांगितलंय? कात्री चोरली? कुणी, आमच्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी? अण्णांनी तुमची कात्री चोरली. बरं झालं सांगितलंस, दादाला सांगायला हवं, चार दिवस जेवण गोड लागेल त्याला. अगं, कात्री एकच होती, दोघांची मिळून. तुझे आजोबा आणि आमचे अण्णा एकाच मेजावर काम करायचे, याच खोलीच्या खाली. एक कापायचा, एक शिवायचा. जेवायचेसुद्धा एका ताटात, असं आई सांगायची — आणि सांगताना तोंड असं करायची की जणू चोरीच करायचे. तर नाटकाचे कपडे तेव्हाही दोघंच करायचे. अण्णांकडे लाल घर, आजोबांकडे निळं. आणि मग आला तो कोट. घालणारा अंगाने निळा आणि कोट रंगाने लाल. अण्णा म्हणाले, लाल ते सगळं माझं. आजोबा म्हणाले, त्या पोराच्या अंगावरचं सगळं मी शिवलंय, शेवटचा कोटही मीच शिवणार, तो त्याच कोटात मरतो, मेल्यावर प्रेक्षक त्याच्याकडेच बघत असतात. त्यातच सगळं आलं. मेल्यावर किती वेळ तो प्रकाशात पडून राहतो, बघितलंस ना? सगळे येऊन येऊन रडतात, आणि कोट आपला समोर. असं काम पुन्हा मिळत नाही.

मग काय, दोघांनीही शिवला. एकमेकांना न सांगता. नाटकाच्या दिवशी तो नट बिचारा आत गेला तर खुंटीवर दोन लाल कोट, आणि दाराशी दोन शिंपी. काय करेल? घातले दोन्ही. एकावर एक. तेव्हापासून ती रीतच पडली — नायक दोन कोट घालून मरतो. एका वर्षी आमचा वर, एका वर्षी तुमचा वर. बाहेरगावची माणसं बघायला येतात आणि म्हणतात, नट गुणी आहे हं, मरताना काय घाम फुटतो त्याला. फुटेल नाही तर काय. एकदा तर भाला टोचला आणि वरच्या कोटातून आतल्या कोटात अडकून बसला, निघेचना, तो बाप रडत रडत ओढतोय आणि मेलेला पोरगा त्याच्यामागून फरफटत चाललाय. लोक तेव्हाही रडत होते. आणि ज्याचा कोट आत, त्या घरात त्या दिवशी कुणी कुणाशी बोलत नाही. मी लहान असताना वाटायचं, सगळ्याच घरांत एक वर्षाआड असा गप्प बसायचा दिवस असतो.

वैर, वैर म्हणतात, ते हे. नाटकातल्या घरांकडे भाले तरी आहेत. आपल्याकडे काय? तुम्ही दाराला रंग दिला की आम्ही देणार. आम्ही पाटी मोठी केली की तुम्ही दिवा लावणार पाटीवर, तो थेट आमच्या डोळ्यांत. सकाळी तुमच्याकडची बाई गल्लीच्या मध्यापर्यंत झाडते, आमच्याकडची मध्यापर्यंत, आणि मध्य कुठला यावर एकमत नाही, म्हणून मधे तो एक पट्टा राहतो, दोघींचा केर जमलेला. पोरं त्याच्यावरून एका पायावर उड्या मारत शाळेत जातात. तूही मारायचीस. हो, बघितलंय. लाल रिबीन होती तुला, आजोबांना कशी चालली कोण जाणे.

आणि नाटकात शेवटी म्हणे दोन्ही बाप मिठी मारतात. पोरं पायाशी मेलेली, आधी तो, त्याच्यामागून तू, आणि हे गळ्यात गळे. लोक हमसून हमसून रडतात, बाई गं, मला तिथे सगळ्यात जास्त चीड येते. ही मिठी पहिल्या अंकात मारायला कुणी हात धरले होते? आणि कुणाला मिठी मारताय आता? पोरं गेली. तुमच्यासाठी थोडीच गेली ती, तुमचं मनोमीलन घडवायला? त्यांना घरी जायचं होतं, एका खोलीत राहायचं होतं, भांडायचं होतं, मीठ कमी पडलं म्हणून. तर नाही. मरा तुम्ही, म्हणजे आम्ही शहाणे होतो. आणि होतात का शहाणे? आपल्याकडे तर कुणी मेलंही नाही. आपल्याकडे माणूस दुसऱ्या शहरात पाठवतात. तुझ्या काकाला नव्हतं का पाठवलं, त्या मोठ्या कारखान्यात, जिथे एकेका माणसाने दिवसभर फक्त कॉलरी शिवायच्या? का पाठवलं ते मला विचारू नकोस, घरी विचार. परत आला तेव्हा केस पिकले होते आणि बोलणं संपलं होतं. आता दादाने दोऱ्याला बजावलंय, या पोरीचा झगा शिवायचा तेवढा शीव, पण मान वर करून बघितलंस तर तुलाही तिथेच धाडतो. त्याने लिहून विचारूनही ठेवलंय म्हणे तिथे, जागा आहे का म्हणून. आहे. कॉलरी शिवायला जागा कायमच असते.

खांदा. आता खांद्याला तरी टाचणी लागेल, नाहीतर धरल्यात कशाला तोंडात. तुझा डावा खांदा जरा — सरळ उभी राहा बघू. पाय जुळव. हो. उतरता आहे डावा. बोटभर. दप्तर एकाच खांद्यावर घेत असशील. त्याला आत एक घडी घालावी लागेल, नाहीतर गळा एकीकडे —

थांब.

बोलू नकोस, थांब जरा. वळ. पुन्हा वळ.

घातलीय घडी. आतून घातलीय, अस्तराच्या खाली, दिसूसुद्धा नये अशी. फक्त डाव्या खांद्याला. गेल्या वर्षीच्या पोरीचे खांदे फळीसारखे सरळ होते, त्या फळीवर मी स्वतः टाचण्या लावल्यात. आणि हे काय, बाजूला माया किती सोडलीय बघू — शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, पुढेमागे ढिलं करायला लागलं तर? नाही सोडलेली. जेमतेम शिवण्यापुरती. माप पक्कं माहीत असल्याशिवाय कुठला कापणारा असं करत नाही, करूच शकत नाही, हात धजत नाही. हा झगा कुठेच ढिला नाही, कुठेच तंग नाही. एकही टाचणी लावायला जागा नाही यात. माझं तोंड टाचण्यांनी भरलंय आणि एक टाचणी कुठे लागत नाही.

आत्या म्हणालीस आल्या आल्या. म्हणजे ऐकून ऐकून सवय झालीय तुला. आणि गेल्या वर्षी ते दोन कोट — मी म्हणतच होते — जन्मात पहिल्यांदा एकावर एक असे बसले, जसे एकाच हाताने कापलेत. सगळे म्हणाले योगायोग. दादा म्हणाला, समोरच्यांना शेवटी कापायला आलं. आतला तुमचा होता ना? कुणी कापला तुमच्याकडचा? — तू. अस्सं. म्हणजे मापं गल्ली ओलांडत होती आणि आम्ही पट्टा कुठे संपतो त्यावर भांडत होतो.

माझ्याकडून शिकला तो डोळ्याने माप घ्यायला. खिडकीत बसवून शिकवलंय मी त्याला, बघ, तो चाललाय त्याची छाती किती, ती चाललीय तिची उंची किती. हुशार आहे, पटकन यायचं त्याला. पण पोरी, उंची डोळ्याने घेता येते, घेर घेता येतो. खांद्याचा बोटभर उतार नाही येत. बोटभराचा फरक खिडकीतून कुणालाच दिसत नाही, दोऱ्यालाही नाही, मलाही नाही. त्याला हात लावावा लागतो. हाताखाली धरून बघितल्याशिवाय बोटभर म्हणजे —

…

काय बघतेस आरशात? खाली बघ.

खाली बघ म्हटलं ना. लाल झालीस ती झालीस, निदान झग्याला शोभतंय. आणि मला काही सांगू नकोस. कुठे भेटता, कधी भेटता, कुणाला माहीत आहे, काही नको. मला माहीत नसलं म्हणजे दादाने विचारल्यावर खोटं बोलावं लागत नाही, मला खोटं बोलता येत नाही, माझा चेहरा सांगून टाकतो. — ऐकलंस? मशीन थांबलं खालचं. आता दादा कात्री ठेवेल, हात पुसेल, आणि वर येईल. प्रत्येक झगा तो स्वतः बघतो अंगावर घालून, कुठे सुरकुती पडली तरी त्याला दिसते. आणि हा तो बघणार. माझ्यासारखं काही न सांगता समजणारं माणूस नाही ते, पण शिंपी आहे, मूर्ख नाही. न घेतलेल्या मापाचा झगा असा अंगाला बिलगलेला बघितला की खांद्यापर्यंत पोचायचीसुद्धा गरज नाही त्याला. उद्या सकाळी दोरा कॉलरी शिवायला.

रडू नकोस. रडलीस की पोट आत जातं आणि झगा आणखी छान बसतो. हात वर कर. वर. हे बाजूचे टाके अजून कच्चे आहेत, देवाची कृपा — हा बघ, एक धागा ओढला की सगळं सुटतं. ही एक बाजू. ही दुसरी. आता कसं, गोणपाट झालं. डावा खांदा इकडे आण, घडी उसवते — ओरडायचं नाही, टोचलं नाहीये, कापड फाटल्याचा आवाज आहे तो. फाटलं नाही गं, उसवलं. चांगलं शिवलेलं चांगलंच उसवतं. खाली घेराची दुमड सोडते, लोळू दे जमिनीवर, ती पोरगी तुझ्यापेक्षा वीतभर उंच होती. हं. आता टाचण्या. इथे एक, इथे एक, इथे उगीचच एक. आणि तू अशी भाल्यासारखी ताठ काय उभी आहेस? खांदे पाड. पोक काढ. पोट सोड — सोड म्हणते ना, जेवून आल्यासारखी. तोंड असं कर की तुला हे घर, ही गल्ली, हा झगा, सगळ्याचा वैताग आलाय. नाटकात काम करतेस ना? मग कर की.

— ये दादा, ये. बघ, बघ काय ध्यान उभं केलंय तुझ्या लाडक्याने. याला कापणं म्हणतात? कमरेत बघ, आणखी एक पोरगी मावेल आत. खांदा बघ, गळा पार दंडावर उतरलाय. घेर तर — पाय देऊ नकोस, लोळतोय. मी काय म्हणत होते, गेल्या वर्षीचं माप चालायचं नाही, ही कुठे आणि ती कुठे. आता काय, सगळं उसवायचं. नव्याने बसवायचं. एका बैठकीत होतंय थोडंच, हिला यावं लागेल पुन्हा. परवा ये म्हणते. आणि त्यानंतरही एकदा. मधे कदाचित आणखी एकदा, बाही लावायला. नाही, तू कशाला, तुझ्याकडे लाल घरच्या सगळ्या पहारेकऱ्यांचे कपडे पडलेत अजून. ज्याने बिघडवलंय त्यानेच उसवावं. माझ्यासमोर बसून उसवू दे, टाका न् टाका, अद्दल घडेल. मी असतेच इथे खिडकीत. — काय? समोरच्यांची हाडंच वाकडी? हो तर. मी पण तेच म्हणाले मघाशी, कसंही शिवा, यांच्या अंगावर बसायचं नाही. हसतोय बघ. जा, उतर सावकाश, तिसरी पायरी हलतेय.

गेला.

कपड्याकडे बघतो. नेहमी कपड्याकडेच बघतो.

उतर आता. हात दे. हा झगा डोक्यावरून काढ, टाचण्या सांभाळ, आणि तो पडदा ओढून तुझे कपडे घाल. चपला त्या तिथे. परवा ये. दोरा इथे बसलेला असेल, त्याच्याशी बोलायचं नाही, माझ्यादेखत तर मुळीच नाही. मला मात्र दुपारची डुलकी येते हल्ली, काय करणार, वय झालं. आणि घरी गेलीस की सगळ्यांना सांग, लाल घरच्यांना शिवता येत नाही, झगा भयंकर झालाय, ती म्हातारी तोंडाची फाटकी आहे. खूष होतील. आजोबांना आज जेवण गोड लागेल.

आणि काकाला म्हणावं — जुन्या कोटाची उजवी बाही. तिची दुमड उसवून खाली सोड म्हणावं, बोटभर कापड निघेल आत, मी सोड— असेल. असेल आत. थंडीत मनगट उघडं राहतं त्याचं.

नाही. काही सांगू नकोस. काय बघतेस? जा. दार ओढून घे.